श्रद्धेचा पैस : मराठी निबंधातील धर्मश्रद्धा आणि जगाचे दर्शन

१

मराठीत धर्मविषयक लेखन विपुल आहे. भाष्ये, टीका, संतचरित्रे, तीर्थवर्णने, प्रवचने आणि धर्मचिकित्सा यांची मोठी परंपरा आपल्यामागे उभी आहे. परंतु लेखकाने आपल्या श्रद्धेच्या आधाराने भोवतालच्या जगाकडे पाहावे आणि ते पाहणे निबंधाच्या रूपाने वाचकापुढे ठेवावे, हा प्रकार त्या मानाने विरळ आहे. या प्रकारात श्रद्धा हा लेखनाचा विषय नसून लेखकाची दृष्टी असते. विषय असतो तो माणसांचा, वाटेचा, भूमीचा, काळाचा. हा भेद वरवर पाहता लहान वाटतो. मात्र तो ध्यानात न घेतल्यामुळे या लेखनाच्या अभ्यासात बराच गोंधळ झालेला दिसतो.

भाविक वाचक अशा निबंधातून आपल्या श्रद्धेला पुष्टी देणारी वाक्ये वेचतो आणि उरलेला भाग सोडून देतो. चिकित्सक वाचक श्रद्धेचा भाग वगळून केवळ सामाजिक निरीक्षण तेवढे उचलतो. वर्गात शिकवितानाही आपण बहुधा यांपैकी एक वाट धरतो. परिणामी, ज्या ठिकाणी श्रद्धा आणि जग यांची गाठ पडते, नेमकी तीच जागा वाचनातून निसटते. प्रस्तुत लेखात विनोबा भावे, इरावती कर्वे, दुर्गा भागवत आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या गद्याच्या आधारे या प्रकारच्या निबंधाची घडण कशी असते, त्याचे सामर्थ्य कशात आहे आणि त्याला कोणते धोके संभवतात, याचा विचार करावयाचा आहे.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. 'श्रद्धा' हा शब्द या लेखात विशिष्ट पंथाच्या सिद्धान्तांना दिलेली संमती एवढ्याच मर्यादित अर्थाने वापरलेला नाही. या चौघांची श्रद्धा एका जातीची नाही. विनोबांची श्रद्धा ही साधकाची, तर इरावतीबाईंची स्वतःशीच वाद घालणाऱ्या अभ्यासकाची आहे. दुर्गाबाईंना परंपरेविषयी ओढ आहे, पण कर्मकांडाविषयी नाही. फादर दिब्रिटो हे तर दीक्षित धर्मगुरू. असे असूनही एखाद्या पवित्र मानलेल्या गोष्टीपासून आरंभ करून मोठ्या जगाकडे जाणे, ही वाट चौघांनाही समान आहे.

२

ही वाट मराठी गद्याला नवी नाही. मराठीतील आद्य गद्यग्रंथ म्हणून मान्यता पावलेले 'लीळाचरित्र' हे एका अर्थी श्रद्धेने केलेले जगाचे निरीक्षणच आहे. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीच्या आठवणी म्हाइंभटांनी ठिकठिकाणच्या शिष्यांकडून गोळा केल्या. आठवणींत जेथे भेद आढळला तेथे तो भेदही नोंदविण्याची महानुभाव परंपरा आहे. 'स्थानपोथी'त तर स्वामींच्या वास्तव्याने पावन झालेल्या गावांची आणि देवळांची तपशीलवार नोंद आढळते. मूळ हेतू भक्तीचा होता. परंतु त्या भक्तीमुळेच तेराव्या शतकातील महाराष्ट्राची गावे, माणसे आणि बोलणी आपल्यापर्यंत पोहोचली. श्रद्धावान माणूस जगाकडे पाठ फिरवितो, हा समज या दोन ग्रंथांपुढे टिकत नाही. आपल्या देवाचे पाऊल जेथे पडले ती जागा नेमकी कोणती, हे जाणण्याची तळमळ त्याला सूक्ष्म निरीक्षक बनविते.

आधुनिक निबंधाची परंपरा १८७४ मध्ये सुरू झालेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'पासून दृढ झाली. तिचा स्वभाव वादविवादाचा होता. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाच्या उपासनामंदिरांतून याच काळात वेगळ्या वळणाचे गद्य घडत होते. न्यायमूर्ती रानड्यांची धर्मपर व्याख्याने हे त्याचे ठळक उदाहरण. पुढे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माभ्यासासाठी राहिले आणि तेथून त्यांनी 'सुबोधपत्रिके'साठी पत्रे लिहिली. परदेशी समाजाकडे धर्मजिज्ञासेच्या नजरेने पाहणारे हे लेखन होय. परतल्यानंतर १९०६ मध्ये शिंद्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या बाबतीत पाहणे आणि करणे या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे स्पष्ट होते.

१९२० नंतर फडके, खांडेकर, काणेकर यांनी लघुनिबंध लोकप्रिय केला. त्यात 'मी' होता, खेळकरपणा होता, सफाई होती. या 'मी'ला श्रद्धेचे ओझे मात्र फारसे नव्हते. पुढे मराठी ललित गद्य लघुनिबंधाच्या ठरीव चौकटीतून बाहेर पडले, तेव्हा त्याला पुन्हा खोली देणाऱ्यांत इरावतीबाई आणि दुर्गाबाई अग्रभागी होत्या. त्यांच्याआधी तुरुंगात घडलेल्या एका गद्याचा विचार प्रथम केला पाहिजे.

३

विनोबांची 'गीता प्रवचने' धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे झाली. अठरा अध्यायांवरील ही अठरा प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. काटेकोर अर्थाने हे निबंध नव्हेत, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु प्रत्येक प्रवचनाची बांधणी, एका सूत्राभोवती केलेली दृष्टान्तांची गुंफण आणि सतत जागा असलेला व्यक्तिगत स्वर पाहता ती निबंधाच्या कुळातीलच ठरतात. भाष्यकार श्लोकानुसार चालतो. विनोबा श्लोकापाशी थांबून आजूबाजूला पाहतात.

पहिल्याच प्रवचनातील न्यायाधीशाचा दृष्टान्त पाहावा. अनेकांना फाशीची शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशापुढे एके दिवशी खुनाचा आरोपी म्हणून त्याचा स्वतःचाच मुलगा उभा राहतो. तेव्हा त्याला एकाएकी फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. अर्जुनाची युद्धविरक्ती या जातीची आहे, असे विनोबा दाखवितात. ती अहिंसा नव्हे, ती स्वजनांविषयीची आसक्ती होय. हे विवेचन सत्याग्रही कैद्यांपुढे केलेले होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. अहिंसेचे व्रत घेतलेल्या माणसांपुढे रणांगणावरील ग्रंथ मांडताना विनोबांनी ती अडचण टाळलेली नाही. आपली अहिंसाही अर्जुनासारखी तर नाही ना, हा प्रश्न प्रत्येक श्रोत्याने स्वतःला विचारावा, असा प्रसंगच त्यांनी उभा केला. ग्रंथावरील श्रद्धा येथे उत्तर पुरवीत नाही, ती श्रोत्यालाच तपासावयास लावते.

दहाव्या अध्यायावरील प्रवचनात त्यांनी योजलेली उपमा या संपूर्ण लेखनप्रकाराची गुरुकिल्ली म्हणता येईल. मुलाला प्रथम सोपी, मोठी अक्षरे शिकवावयाची आणि मग जोडाक्षरे. तसाच परमेश्वरही आधी सोप्या रूपांत ओळखावा. आई, मूल, सूर्य, नदी ही सोपी अक्षरे. रावणासारखी व्यक्ती म्हणजे कठीण जोडाक्षर. सृष्टी हे वाचावयाचे पुस्तक आहे, ही कल्पना अनेक धर्मपरंपरांत आढळते. विनोबांनी तिला मराठी शाळेतील अंकलिपीची ओळख दिली आणि वाईटालाही वाचनकक्षेत आणले. जग जसे आहे तसे वाचता आले पाहिजे, त्यातील अवघड अक्षरे वगळून चालणार नाही, हा आग्रह त्यात आहे.

तथापि याच लेखनाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. स्वधर्म हा शोधावा लागत नाही, आई जशी जन्माबरोबरच मिळते तसा तो आपल्याला प्राप्त झालेला असतो, असे विवेचन विनोबा करतात. ज्याच्या वाट्याला जन्माने मानाचे किंवा निदान सुसह्य काम आले त्याला ही उपमा आधार देईल. ज्याच्यावर जन्माने मैला उचलण्याचे काम लादले गेले त्याने ती कशी वाचावी? विनोबांचे आयुष्य जातिभेदाच्या समर्थनात गेलेले नाही, भंगीकामालाही त्यांनी सेवेचे स्थान दिले. हे सर्व खरे असले तरी या एका उपमेत जोडाक्षर सोपे करून वाचले गेले आहे. दृष्टान्त जेवढा सहज, तेवढा तो अडचणीचे टोक बोथट करण्याची शक्यता अधिक, हा धडा येथे मिळतो.

४

विनोबांच्या उपमेत जो प्रश्न दबला, तो इरावती कर्वे यांच्या 'वाटचाल' या लेखात उघडपणे समोर येतो. 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहातील हा लेख १९६२ मध्ये इंग्रजीतून 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि वारीच्या जागतिक अभ्यासात आधारभूत ठरला. इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील समाजशास्त्र व मानवशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. नातेसंबंध आणि जातिरचना हा त्यांच्या संशोधनाचा विषय. अशी अभ्यासक आळंदीहून निघालेल्या पालखीबरोबर दिंडीत चालू लागते, तेव्हा निबंधात एकाच वेळी दोन माणसे बोलू लागतात. एक नोंदी करणारी, दुसरी अभंगाच्या लयीत पाय टाकणारी.

महाराष्ट्र म्हणजे ज्या प्रदेशातील लोक पंढरीला जातात तो प्रदेश, ही या लेखातील व्याख्या पुढे फार प्रसिद्ध झाली. ती व्याख्यानातून किंवा प्रशासकीय नकाशावरून आलेली नाही. वेगवेगळ्या भागांतील बोली एका वाटेवर कानी पडल्या, वेगवेगळ्या ठिकाणची माणसे एका लयीत चालताना दिसली, त्या अनुभवातून ती उगवली. संयुक्त महाराष्ट्राचे राज्य १९६० मध्ये अस्तित्वात आले. तत्पूर्वी अकरा वर्षे प्रसिद्ध झालेल्या संग्रहात ही व्याख्या आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे. श्रद्धेच्या वाटेने जाताना लेखिकेला एका समाजाची सीमारेषा सापडली. 'स्थानपोथी'च्या कर्त्याने गावे नोंदविली. इरावतीबाईंनी त्या गावांना जोडणारी चाल नोंदविली.

हा लेख येथेच थांबला असता तर तो एक सुंदर गौरवलेख झाला असता. परंतु दिंडीत एकच अभंग म्हणणाऱ्या बायका मुक्कामावर मात्र जातीनुसार वेगळ्या शिजवितात, वेगळ्या जेवतात, हे लेखिकेच्या नजरेतून सुटत नाही. ज्ञानदेव-तुकारामांचे शब्द ओठांवर आहेत आणि पंगत तुटलेली आहे. या विसंगतीने इरावतीबाई अस्वस्थ होतात. त्या या अस्वस्थतेचे स्पष्टीकरण देऊन मोकळ्या होत नाहीत, किंवा वारी खोटी आहे असा निष्कर्ष काढून बाजूलाही होत नाहीत. त्या चालत राहतात. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले होते, ही घटना त्या वेळी ताजी होती. देवळाचे दार उघडले, तरी चुली वेगळ्याच राहिल्या, हे वास्तव लेखात जिवंत आहे.

अभ्यासक म्हणून त्यांना जातीचे ज्ञान होतेच. मग वारीत असे नवे काय कळले? माझ्या मते, ज्ञान आणि व्यथा यांतील अंतर येथे कळते. ज्या समूहाशी आपले नातेच नाही त्याच्या विसंगतीची आपण फक्त नोंद करतो. ज्या समूहाबरोबर आपण गायलो, चाललो, त्याची विसंगती आपल्याला टोचते. श्रद्धेने इरावतीबाईंना आंधळे केले नाही, उलट दुखण्याइतके जवळ नेले. पुढे 'गंगाजल'मधील 'बॉयफ्रेंड' या लेखात विठोबाशी त्यांचे असलेले सलगीचे, थट्टेखोर आणि तरीही गूढ नाते प्रकट झाले. ते वाचले म्हणजे 'वाटचाल'मधील अस्वस्थता ही बाहेरच्या पाहुण्याची नव्हती, घरच्या माणसाची होती, हे पटते.

५

दुर्गा भागवत यांच्या 'पैस' (१९७०) या संग्रहाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. शीर्षकलेखाचा विषय नेवाशाचा एक दगडी खांब. प्रवरेकाठच्या या गावी, या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी 'ज्ञानेश्वरी' सांगितली, अशी परंपरा आहे. ग्रंथाचा काळ शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. 'पैस' हे या खांबाचे लोकरूढ नाव. याच शब्दाचा ज्ञानदेवांच्या भाषेतील अर्थ विस्तार, मोकळा अवकाश. एका उभ्या, निश्चल दगडाचे नाव विस्तार असावे, या योगायोगातून दुर्गाबाईंच्या चिंतनाला वाट मिळते.

दुर्गाबाई लोकसाहित्याच्या आणि बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासक. कर्मकांडात त्यांना रस नव्हता. त्यामुळे खांबापुढे हात जोडून त्या थांबत नाहीत. मात्र परंपरा सांगते ते सिद्ध करता येत नाही, एवढे बोलून त्या परतही फिरत नाहीत. पुरावा आणि पूजा यांच्या मधला प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटतो. देऊळ गेले, खांब तेवढा उरला, आणि शतकानुशतके माणसांनी त्या खांबाभोवती आपली स्मृती का जपली? खांबाचा इतिहास ही एक गोष्ट आणि खांबावरील विश्वासाचा इतिहास ही दुसरी. दुसरीही तितकीच खरी आहे, कारण ती माणसांच्या जगण्यातून घडलेली आहे.

विनोबांच्या लेखनात श्रद्धा जगाचे वाचन करते, इरावतीबाईंच्या लेखनात ती समाजाबरोबर चालते. दुर्गाबाईंच्या लेखनात ती काळाची खोली मोजते. वस्तू लहान, पण तिच्यामागचा काळ मोठा, हे प्रमाण त्यांना नेमके साधले आहे. मात्र या रीतीला एक धोका आहे. लेखकाच्या हाती वस्तूची आणि परंपरेची माहिती पक्की नसेल, तर तिचे रूपांतर भावविवश तीर्थवर्णनात होण्यास वेळ लागत नाही. 'पैस'नंतर मराठीत लिहिल्या गेलेल्या अनेक देवळांवरील आणि घाटांवरील लेखांत हे घडलेले दिसते. शैली आली, अभ्यास आला नाही.

६

चौथे उदाहरण वसईचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २५ जुलै २०२४) हे कॅथलिक धर्मगुरू आणि 'सुवार्ता' या मराठी मासिकाचे दीर्घकाळ संपादक. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' (१६१६), रेव्हरंड टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' यांमुळे मराठी ख्रिस्ती साहित्याचा वारसा जुना व समृद्ध आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना मुभा दिली. त्यानंतर वसईच्या कॅथलिक समाजात मराठी ही उपासनेचीही भाषा झाली. दिब्रिटोंचे गद्य या बदलाच्या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे.

'ओअॅसिसच्या शोधात' हे त्यांचे प्रवासलेखन असून 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' या ग्रंथात त्यांनी इस्राएल आणि पॅलेस्टाईन यांच्या संघर्षाचा इतिहास मांडला. ख्रिस्ती धर्मगुरूच्या दृष्टीने ती भूमी म्हणजे परमपवित्र तीर्थ. तिचे केवळ भाविक वर्णन करणे सोपे होते. परंतु त्याच भूमीवर आज राहणाऱ्या माणसांचा प्रश्न दृष्टीआड करून तीर्थयात्रा पुरी होत नाही, ही भूमिका त्यांनी घेतली. येथे तीर्थयात्रेची संघर्षयात्रा होते. मराठी वाचकाला पश्चिम आशियाचा प्रश्न एका मराठी माणसाच्या धर्मश्रद्धेच्या वाटेने कळावा, ही घटना मराठी निबंधाच्या कक्षा रुंदावणारी आहे.

त्यांच्या बाबतीत लेखन आणि कृती यांचा संबंधही पाहावा लागतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. पाणी, जमीन आणि झाडे यांचा प्रश्न त्यांनी श्रद्धेच्याच कक्षेत मानला. बायबलच्या त्यांच्या मराठी अनुवादाला, 'सुबोध बायबल'ला, २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. या निवडीला काही लोकांनी विरोध केला. हा विरोध आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलका आहे. बहुसंख्यांच्या श्रद्धेतून लिहिले की ते 'संस्कृती' ठरते आणि अल्पसंख्याच्या श्रद्धेतून लिहिले की ते 'धर्मप्रचार' ठरते, असा दुहेरी मापदंड आपल्या वाचनात आहे काय, हे साहित्याच्या अभ्यासकाने स्वतःला विचारले पाहिजे. 'वाटचाल' ज्या कसोटीवर आपण वाचतो त्याच कसोटीवर 'संघर्षयात्रा' वाचता आली पाहिजे.

७

ही कसोटी कोणती? वरील चार उदाहरणांवरून तिचे तीन भाग सांगता येतील.

पहिला भाग आरंभबिंदूचा. चांगला निबंध सिद्धान्तापासून सुरू होत नाही, तो एखाद्या मूर्त गोष्टीपासून सुरू होतो. न्यायाधीशापुढे उभा असलेला मुलगा, मुक्कामावरची चूल, देवळावाचून उरलेला खांब, वादग्रस्त भूमी. श्रद्धा अमूर्त राहिली की तिचे प्रवचन होते, वस्तूला भिडली की तिचा निबंध होतो. विनोबांनी प्रवचनालाच निबंध केले ते या भिडण्यामुळे.

दुसरा भाग प्रतिकाराचा. जग श्रद्धेला विरोध करते ती जागा निबंधात राहू दिली आहे काय, हे पाहावे. इरावतीबाईंच्या लेखात तुटलेली पंगत राहू दिलेली आहे. विनोबांच्या स्वधर्माच्या उपमेत ती जागा बुजली आहे. केवळ निष्ठा मोठी आहे म्हणून निबंध मोठा होत नाही. निष्ठेला न मानवणारे सत्य किती प्रामाणिकपणे मांडले, यावर त्याचे मोल अवलंबून राहते.

तिसरा भाग वाचकाचा. लेखकाची श्रद्धा ज्याला मान्य नाही त्या वाचकासाठी निबंधात जागा आहे काय? पंढरीला कधी न गेलेल्या वाचकालाही 'वाटचाल' आपल्या समाजाविषयी काही सांगते. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही दिब्रिटोंच्या लेखनातून त्या भूमीचे दुःख कळते. येथे श्रद्धा ही प्रवेशाची अट नसते. ती लेखकाच्या हातातील दिवा असते, आणि त्याच्या उजेडात दिसणारी वाट कोणालाही चालता येते.

८

सारांश, श्रद्धेतून जगाचा शोध घेणारा निबंध हा धर्मग्रंथाचा परिशिष्टभाग नव्हे, आणि समाजशास्त्राचे सुलभीकरणही नव्हे. तो स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून वाचला गेला पाहिजे. आपल्या अभ्यासक्रमांत विनोबा तत्त्वज्ञानाच्या खात्यावर, इरावतीबाई समाजशास्त्राच्या, दुर्गाबाई ललित गद्याच्या आणि दिब्रिटो 'ख्रिस्ती मराठी साहित्य' या वेगळ्या दालनात ठेवले जातात. त्यामुळे त्यांच्यातील संवाद ऐकू येत नाही. हे चौघे एकत्र वाचले तर मराठी निबंधाचा एक सलग प्रवाह दिसू लागतो. लीळांच्या नोंदी ठेवणाऱ्या म्हाइंभटांपासून तो निघाला आहे.

आज धर्माविषयी बोलताना गौरव किंवा धिक्कार या दोनच सुरांची सवय झालेली आहे. विद्यार्थ्यांच्या लेखनातही हीच सवय उतरते. एकच अभंग म्हणून वेगवेगळ्या चुलींपाशी बसणाऱ्या बायकांकडे पाहताना इरावतीबाईंना यांपैकी एकही सूर पुरला नाही. त्या तिसऱ्या सुराचा अभ्यास व्हावा आणि त्या सुरात लिहिण्याचे बळ नव्या निबंधकारांना यावे, एवढीच या विवेचनामागील अपेक्षा आहे.